दोन मिलिमीटर आणि चौऱ्याऐंशी किलोमीटर

स्वित्झर्लंडात रेल्वेमार्ग जितके दाट आहेत तितके धाराशिव जिल्ह्यात टाकायचे ठरवले, तर काय होईल? तो देश सव्वाएकेचाळीस हजार चौरस किलोमीटरचा, आणि रेल्वेमार्ग पाच हजार किलोमीटरच्या वर. आपला जिल्हा साडेसात हजार चौरस किलोमीटरचा. त्रैराशिक मांडले तर आपल्या वाट्याला साडेनऊशे किलोमीटर येतात. अख्खी कोकण रेल्वे सुमारे ७४० किलोमीटरची आहे. म्हणजे रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा सगळा मार्ग उचलून आठ तालुक्यांत पसरला, तरी दोनशे किलोमीटर कमीच पडणार! सध्या मात्र भूम, परंडा, वाशी, लोहारा, उमरगा आणि तुळजापूर या तालुक्यांना रेल्वे माहीत आहे ती शेजारच्या गावची.

लक्झेंबर्गचे उदाहरण त्याहून झोंबणारे. हा देश आपल्या जिल्ह्याच्या एक तृतीयांश. आपली लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेसोळा लाख होती, त्यांची सात लाखांच्या आत. तरी त्यांच्याकडे पावणेतीनशे किलोमीटर रेल्वे आहे आणि २०२०पासून दुसऱ्या वर्गाला तिकीटच नाही.

ऑक्टोबरात आपल्याकडे सोयाबीनच्या राशी चालू असतात, ऊन भाजून काढत असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत रेल्वेने युरोप फिरायला गेलेल्यांचे फोटो मोबाइलवर येऊन पडतात. खिशात एक पास आणि ३३ देशांच्या गाड्या. व्हिएन्ना, साल्झबर्ग, झ्युरिक, मग ५७ किलोमीटरच्या गॉटहार्ड बोगद्यातून थेट आल्प्सच्या पलीकडे. पण धाराशिवच्या माणसाने यातली एक गाडी न चुकवता धरावी, आणि ती वेगवान नाही. व्हिएन्नाहून अर्ध्या तासात सांक्ट पोल्टेनला उतरायचे आणि तिथून मारियात्सेलची छोटी गाडी पकडायची. ८४ किलोमीटरला सव्वादोन तास लागतात. गाडी डोंगर चढत जाते, खिडकीबाहेर पानगळीची लाल-पिवळी झाडी. रुळांमधले अंतर ७६० मिलिमीटर.

आपली जुनी बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती. फरक दोन मिलिमीटरचा.

बार्शी लाइटला ‘खेळण्यातली गाडी’ म्हणायची पद्धत आहे. उतरून बोरे खाऊन पुन्हा चढता येई, हा विनोद तर जगातल्या प्रत्येक नॅरोगेजबद्दल सांगतात. पण एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने जे डोके लढवले त्यात गंमत नव्हती, काटेकोर हिशेब होता. त्याचा नियम एकच: इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भरलेल्या एसटीच्या मागच्या आसावर याहून जास्त वजन असते. भार सगळीकडे सारखा वाटला की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च उतरतो. त्याचे रूळ मीटरला १५ किलोचे होते. आज मुख्य मार्गांवर ६० किलोचा रूळ घालतात. कॅलथ्रॉपचा मीटरभर तुकडा कुणीही एकट्याने उचलून खांद्यावर टाकावा. आजचा उचलायला हमालाचीच पाठ हवी. आणखी एक हिशेब पाहा. चार आसांची त्याची भरलेली वाघीण वीस टनांची. आजच्या मालगाडीच्या एकाच आसावर त्याहून जास्त भार असतो!

हे सगळे त्याने १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून लोकांना दाखवले, आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी धावली. पुढे १९०६ला पंढरपूर, १९०७ला तडवळे, १९११ला लातूर, १९२७ला मिरज. एकूण २०२ मैल. बार्शीवर जमलेली रीत मग इंग्लंडात नेली गेली: स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे १९०४ मध्ये याच धर्तीवर सुरू झाली आणि तीसच वर्षांत बंद पडली. बार्शी लाइटने शंभरी ओलांडली.

तरी उसासे टाकण्यात अर्थ नाही. लातूरचा माल मुंबईला पाठवायचा तर कुर्डुवाडीला प्रत्येक पोते छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरावे लागे. धाराशिव शहर तर या मार्गावर नव्हतेच. जिल्ह्याच्या ठिकाणी जायला येडशीला उतरून पुढे वीसेक किलोमीटर रस्ता धरायचा. २००७ आणि २००८ मध्ये ब्रॉडगेज आले तेव्हा मार्ग वळवून शहराला स्टेशन मिळाले. ते व्हायलाच हवे होते.

आता पुन्हा मारियात्सेल. आल्प्समधले हे छोटेसे गाव ऑस्ट्रियाचे सगळ्यात मोठे तीर्थक्षेत्र आहे. मारियामातेची लाकडी मूर्ती जेमतेम ४८ सेंटिमीटरची, आणि तिला भरजरी वस्त्रे नेसवतात. लोक व्हिएन्नाहून चालतही जातात, जसे कोजागरीला आपल्याकडे सोलापूरहून तुळजापूरला. तिथे गाडी १९०७ पासून प्रवासी नेते, आणि १९११ पासून विजेवर, म्हणजे बार्शी लाइट वाफेच्या इंजिनाने लातूरला पोचली त्या वर्षापासून.

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या नव्या मार्गाची लांबी ८४.४४ किलोमीटर आहे. किलोमीटरही जुळले! मंजुरीची घोषणा जानेवारी २०१९ मध्ये सोलापुरात झाली, काम चालू आहे. हा मार्ग ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा. ६० किलोचा रूळ धरला तर नुसत्या मुख्य मार्गाला दहा हजार टनांवर पोलाद लागेल. कॅलथ्रॉपने अडीच हजार टनांत भागवले असते, पण मुंबईहून निघालेला डबा तुळजापुरात नेता आला नसता.