मीटर लावल्याशिवाय बायस कळत नाही

बंगळूरच्या मल्लेश्वरमहून यशवंतपूर ओलांडून उत्तरेला गेलं की जालहळ्ळी लागते. तिथल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं (बेल) १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह, म्हणजेच ट्यूब, बनवायला सुरुवात केली. ‘बेल’ छापाच्या ईएल८४ ट्यूब जुन्या रेडिओंतून आजही निघतात आणि गिटार वाजवणाऱ्यांच्या हाती पडतात. त्या अ‍ॅम्पमध्ये बसवायच्या म्हणजे बायस करायलाच, म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट नेमून द्यायलाच हवा, असं सरसकट सांगितलं जातं. ते प्रत्येक अ‍ॅम्पला लागू नाही.

व्हॉक्स एसी३० घ्या. त्यात चार ईएल८४ कॅथोड बायसवर चालतात. करंट वाढला की कॅथोडच्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढतं, ग्रिड त्या मानानं जास्त ऋण होते आणि करंट आपोआप आवरतो. तिथे फिरवायला स्क्रू नसतोच. ‘फिक्स्ड बायस’च्या अ‍ॅम्पमध्ये मात्र ग्रिडला वेगळ्या सप्लायमधून ऋण व्होल्टेज मिळतं आणि ते बहुधा प्रीसेटच्या स्क्रूनं बदलता येतं. म्हणजे फिक्स्ड असेल तर हात लावायचं कारण नाही, हा समज नेमका उलटा आहे. मेसा बूगीच्या बऱ्याच मॉडेलांत प्रीसेट नसतो. तिथे अ‍ॅम्पला जुळेल अशी ट्यूबच निवडावी लागते.

‘मॅच्ड जोडी घेतली, आता बायस कशाला?’ हे तर नेहमीचंच. जोडीतल्या ट्यूब एकमेकींशी जुळतात. तुमच्या अ‍ॅम्पशी त्या जुळतील, याची हमी डब्यावरचा आकडा देत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मित्राच्या अ‍ॅम्पच्या बायसचा आकडा उचलल्यानं. ईएल३४ ची प्लेट २५ वॉट उष्णता सोसते. क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये सिग्नल नसताना त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे साडेसतरा वॉट, ही वरची मर्यादा धरतात. प्लेटवर ३५० व्होल्ट असतील तर दर ट्यूबला ५० मिलिअँपिअर बसतात. ४५० व्होल्टवर तेच ३९ होतात आणि ५०० वर ३५. आता ५०० व्होल्टच्या अ‍ॅम्पमध्ये कुणी ऐकीव ५० मिलिअँपिअर लावले, तर ट्यूब नुसती बसल्या जागी पूर्ण २५ वॉट जाळते. प्लेट लाल होते, आणि ट्यूब शॉर्ट झाली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. शिवाय सत्तर टक्के गाठलेच पाहिजेत असंही नाही. गरम बायस म्हणजे चांगला आवाज, हे मला पटत नाही. साठ टक्क्यांवर अनेक अ‍ॅम्प मोकळे वाजतात आणि ट्यूबही टिकतात. फार थंड ठेवला तर मात्र हळू वाजवताना आवाज खरखरीत, चिरका येतो.

बायस घरच्या प्लगवरच तपासावा. २२० व्होल्टसाठी बांधलेला अ‍ॅम्प २४० व्होल्टवर लावला की प्लेटचं व्होल्टेजही साधारण नऊ टक्के चढतं. ट्रान्सफॉर्मरला २३० किंवा २४० चा टॅप असेल तर आधी तो जोडून घ्यावा.

मोजणं सोपं आहे. कॅथोड आणि ग्राउंडच्या मध्ये एक ओहमचा रेझिस्टर असला की त्यावरचा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. त्यात थोडा स्क्रीनचा करंट मिसळतो, म्हणून प्लेटचा खरा करंट किंचित कमीच असतो. स्पीकर जोडलेला, व्हॉल्यूम शून्यावर, आणि ट्यूब चांगल्या तापू द्यायच्या. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नये, ती निर्दोष ट्यूबमध्येही असते. प्लेटवर लाल डाग उठला तर मात्र तत्काळ बंद करावं. प्रीअ‍ॅम्पच्या ईसीसी८३ बदलल्यावर यातलं काहीच करावं लागत नाही.

प्लग काढला म्हणजे धोका टळला, हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशेहून जास्त व्होल्ट बराच वेळ साठून राहू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्याजवळ आल्याची खात्री करूनच आत हात घालावा. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी अ‍ॅम्प जाणकार टेक्निशियनकडे न्यावा आणि प्लेटचं व्होल्टेज व प्रत्येक ट्यूबचा करंट कागदावर लिहून मागावा.