राखणदाराची नियत

ब्राउझरमध्ये ट्रॅकिंग रोखणारे साधन टाकावे का, असा प्रश्न पालकसभेत आम्हाला हल्ली वारंवार विचारला जातो. बहुतेक घरांत ते मुलांनीच टाकलेले असते. आई-वडिलांना पत्ताही नसतो.

आपण बातमीचे एक पान उघडतो, तेव्हा ते पान आपल्या नकळत इतर अनेक कंपन्यांनाही निरोप धाडते. त्यातलीच एखादी कंपनी औषधांच्या पानावर आणि स्थळांच्या साइटवरही बसलेली असते. ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकी नावाच्या खुणेवरून ती आपल्याला ओळखते. साखरेचा आजार, मुलीचे लग्न, कर्ज, तलाकचा मसला, असे घरातल्या मोठ्यांनाही न विचारलेले सवाल एकाच वहीत जमा होत जातात.

रोखणारे साधन हे निरोप मध्येच अडवते. काम चांगले होते, पानही बरेचदा लवकर उघडते. पण त्यासाठी ते एक परवानगी मागते: सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची. चोर येऊ नये म्हणून नेमलेल्या राखणदाराला सगळ्या खोल्या उघड्या!

‘अवास्ट’ ही झेक प्रजासत्ताकातली अँटीव्हायरस कंपनी. आपली साधने ट्रॅकिंग रोखतात, असे ती लोकांना सांगत होती. मात्र २०१४ ते २०२० या काळात ‘जम्पशॉट’ या तिच्याच उपकंपनीने, कोणी कोणती पाने पाहिली याची माहिती शंभराहून अधिक कंपन्यांना विकली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. त्या माहितीतून माणसाच्या धार्मिक श्रद्धा, आजार, राजकीय कल, आर्थिक स्थिती कळू शकत होती. २०२४ मध्ये अवास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची पाळी आली. अमानतीत खयानत म्हणतात ती हीच. त्याआधी २०१६ मध्ये ‘वेब ऑफ ट्रस्ट’ या साधनाचेही असेच प्रकरण जर्मन पत्रकारांनी उघडकीस आणले होते. नावातच विश्वास, काय बोलावे!

तरीही सगळी साधने काढून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. राखणदाराचा पगार कोण देतो, एवढे आधी पाहावे. ‘प्रायव्हसी बॅजर’ हे इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या ना-नफा संस्थेचे आहे. ‘यूब्लॉक ओरिजिन’चे कर्ते रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाहीत. दोन्हींचा कोड खुला असल्यामुळे जाणकारांना तो तपासता येतो. मात्र टाकताना ‘ओरिजिन’ हा शब्द नीट पाहून घ्यावा, कारण नुसत्या ‘यूब्लॉक’ नावाचे साधन वेगळे आहे. घरच्या कॉम्प्युटरवर असे एकच साधन पुरे. मुलांनी हौसेने टाकलेली बाकीची काढावीत. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये ही साधने चालत नाहीत, फायरफॉक्समध्ये चालतात. इन्कॉग्निटो खिडकीचा इतिहास घरच्यांना दिसत नाही एवढेच. वेबसाइटला आपण तिथेही दिसतो.

ब्राउझरमधला राखणदार ॲपच्या दाराशी मात्र उभा नसतो. नमाजच्या वेळा सांगणाऱ्या ‘मुस्लिम प्रो’ ॲपमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती ‘एक्स-मोड’ या कंपनीकडे जाते आणि ती कंपनी अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांना अशी माहिती विकते, असे वृत्त नोव्हेंबर २०२० मध्ये आले. त्यानंतर ॲपने तिच्याशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. अशा बऱ्याच ॲपमध्ये लोकेशन बंद ठेवून शहराचे नाव हाताने निवडता येते. नमाजच्या वेळा तेवढ्यावरही मिळतात.