फूटपट्टीच ताणली गेली तर?

इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगतात की व्होल्टेज कधी एकट्याचं नसतं, ते कशाच्या तरी तुलनेत असतं. मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला लावायचा आणि लाल प्रोबने मोजायचं. आता ते ग्राउंडच वर-खाली होत असेल तर? मीटर कितीही महागाचं असो, रीडिंग चुकणारच. माझी मामेबहीण बायोटेकला आहे. झाडातले जीन मोजणाऱ्यांचीही हीच डोकेदुखी असते, हे मला तिच्याकडून कळलं.

आमच्या अमडापूरला सोयाबीनच्या मधल्या ओळींत तूर असते. सोयाबीन निघून जातं, पाऊसही थांबतो, आणि तूर मात्र जमिनीतल्या ओलीवर पुढे कितीतरी दिवस उभी राहते. हे तिला जमतं कसं? पाणी तुटल्यावर तिच्या पेशीतले कोणते जीन जोरात चालू होतात? हे कळलं तर कमी पाण्यात तग धरणारं वाण शोधायला मदत होईल, आणि ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नाही.

जीन चालू असतो तेव्हा त्याच्या आरएनए प्रती निघतात. त्या मोजायच्या. पद्धतीचं नाव क्यूपीसीआर. आधी आरएनएवरून डीएनए बनवतात, मग मशीनमध्ये तो दर सायकलला दुप्पट होत जातो, आणि सोबतचा रंग चमकू लागतो. ठरावीक चमक कितव्या सायकलला आली, तो आकडा म्हणजे सीटी. प्रती जास्त असतील तर सीटी कमी. एका सायकलचा फरक म्हणजे दुपटीचा फरक, हे लक्षात ठेवा.

गोची अशी की ओल्या पानातून आणि सुकलेल्या पानातून सारखाच आरएनए हाती लागत नाही. म्हणून सोबत आणखी एक जीन मोजतात, जो दोन्ही पानांत सारखाच चालू असतो असं आपण मानतो. हा रेफरन्स जीन, म्हणजे आपलं ग्राउंड. सगळा घोटाळा त्या 'मानतो'मध्ये आहे.

एक काल्पनिक हिशोब करू. आपल्या जीनचा सीटी ओल्या पानात २६, सुकलेल्या पानातही २६. आरएनए दोन्हीकडे सारखाच घेतला होता, म्हणजे जीन बदललाच नाही. पण रेफरन्स जीन मात्र दुष्काळात मंदावला आणि त्याचा सीटी २० चा २२ झाला. वजाबाकी केली की एकीकडे ६, दुसरीकडे ४. फरक दोन सायकलींचा, म्हणजे चौपट! आपण जाहीर करणार की हा दुष्काळाचा जीन सापडला. मग त्याच्या मागे लागा. तुरीचा एक हंगाम म्हणजे साधारण सहा महिने, असे किती हंगाम वाया जातील याचा विचार करा.

पूर्वी अ‍ॅक्टिन, ट्युब्युलिन, जीएपीडीएच, १८एस हे ठरलेले जीन डोळे मिटून वापरले जायचे. पेशीचं रोजचं घरकाम करणारे, म्हणून 'हाउसकीपिंग'. पण घरात पाणी आलं नाही तर घरकाम तरी रोजच्यासारखं होतं का? जीएपीडीएच साखर मोडण्याच्या कामात असतो, आणि ताण पडला की ते कामही बदलू शकतं. १८एस तर इतका भरमसाट असतो की एखाद्या दुर्मिळ जीनची त्याच्याशी तुलना म्हणजे ट्रकच्या काट्यावर सोनं तोलणं. २००५ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपाचे हजारो जीन तपासले, तेव्हा या नेहमीच्या जीनपेक्षा जास्त स्थिर असे शेकडो जीन निघाले.

मग स्थिर कोण हे ठरवायचं कसं? ते मोजायला पुन्हा रेफरन्स लागणार! मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. २००२ मध्ये बेल्जियममधल्या गेंट इथून जीनॉर्म ही पद्धत आली. तिची युक्ती सोपी आहे. दोन जीन खरंच स्थिर असतील तर आरएनए कमी-जास्त झाला तरी त्यांचं गुणोत्तर सगळ्या नमुन्यांत तेच राहील. मग आठ-दहा उमेदवार घ्या, प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावा, ज्याचं गुणोत्तर सगळ्यात जास्त हलतं त्याला बाहेर काढा, उरलेल्यांत पुन्हा तेच. शेवटी जे टिकतात, त्यांचा जिऑमेट्रिक मीन म्हणजे तुमचं ग्राउंड. एकच जीन नाही, निदान दोन-तीन. यातही एक खाच आहे. दोन जीन एकाच स्विचवर असतील तर दोघं मिळून वर-खाली होतील आणि जोडी मात्र पक्की दिसेल, कॉपी केलेल्या दोन जर्नलसारखी! म्हणून वेगवेगळी कामं करणारे उमेदवार घ्यावेत, आणि २००४ मध्ये आलेल्या नॉर्मफाइंडर, बेस्टकीपर या पद्धतींनीही ताडून बघावं.

आपल्या तुरीचं हे काम हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये झालं. २०१५ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात मूळ, खोड आणि पान तिन्हींमधून नेहमीचे दहा जीन तपासले होते. दुष्काळासाठी आयएफ-४ अल्फा आणि ट्युब्युलिन गटातला टीयूबी-६ हे सगळ्यात स्थिर ठरले. म्हणजे जुने जीन सरसकट वाईट असतात असंही नाही, फक्त आधी तपासायला हवेत. आणि हा निकाल दुष्काळापुरताच. उष्णता आणि खारटपणा यांसाठी त्यांनी त्याच वर्षी वेगळा अभ्यास छापला. उद्या कोणी तुरीवरचा मर रोग घेतला किंवा शेंगेतला दाणा घेतला, तर त्यालाही आधी ग्राउंड तपासूनच लाल प्रोब उचलावा लागेल.