हापसा, पान्हा आणि डेल्फीची सुरी

आज एकच प्रश्न घेऊ. ज्या हत्यारावाचून दुरुस्ती होतच नाही, ते हत्यार ओळखायचं कसं आणि मिळवायचं कुठून? होडीच्या आउटबोर्ड मोटरीचं फ्लायव्हील काढायचं तर पुलर लागतो. ते निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं. हातोडीने ठोकाल तर शाफ्ट आणि बेअरिंग दुखावेल. ही झाली पालघरच्या किनाऱ्यावरची गोष्ट. त्याच जिल्ह्याच्या डोंगरात, जव्हार-मोखाड्यात, होडीच्या जागी हापसा येतो. मला आज त्याच्याबद्दल बोलायचंय.

पावसाळ्यात तिथे धो धो कोसळतं, पण उतारावरच्या काळ्या कातळात पाणी फारसं मुरत नाही. एप्रिल-मेमध्ये विहिरींचा तळ दिसतो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच डोंगरांत आहे, हे जाता जाता. अशा दिवसांत पाड्यावरचा हापसा बंद पडला की बाईला हंडा घेऊन आणखी लांब जावं लागतं.

आपल्याकडचा नेहमीचा हापसा म्हणजे इंडिया मार्क दोन. त्याचे पूर्वज महाराष्ट्रातलेच, जालना आणि सोलापूरचे. त्यावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने हा घडवला गेला. दांड्याला साखळी, साखळीला सळया, सळयांच्या टोकाला सिलिंडरमधला दट्ट्या. पाइप तीन-तीन मीटरचे, आट्यांनी जोडलेले. तीस मीटर खोल असेल तर नुसते पाइपच नव्वद किलोच्या घरात. सळया आणि आतलं पाणी वेगळं.

आता बघा, हत्याराआधी दुखणं शोधायचं. बराच वेळ हापसल्यावर पाणी येतं आणि मग नीट येत राहतं? बहुधा तळाचा व्हॉल्व्ह गळतोय, नाहीतर पाइपाचा जोड. दांडा एकदम हलका लागतोय, पाणी नाही? सळई सुटली असेल. दांडा डावी-उजवीकडे डुलतोय? मग आस आणि बेअरिंग बघा. पाइप उपसायची गरजच नाही.

दुखणं कळलं की हत्यार ठरतं. आस काढायला एक खास पंच असतो. तो टोकाच्या आट्यांवर बसतो, म्हणून ठोकताना आटे चेपत नाहीत. थेट हातोडी घातलीत तर आस निघेल, पण नट पुन्हा चढणार नाही. साखळी सोडताना सळया खाली जाऊ नयेत म्हणून कपलरला आधार देणारं छोटं हत्यार असतं. उपसताना पाइप धरायला आपोआप आवळणारा क्लॅम्प. साध्या पान्ह्यावर विसंबलात आणि तो निसटला, तर अख्खी माळ बोअरमध्ये. बोअरच कायमची हातची जाऊ शकते.

अॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये डेल्फीच्या सुरीचा उल्लेख केलाय. एकीतच अनेक कामं उरकावीत अशी ती कंजूषपणे बनवलेली सुरी. त्याचं म्हणणं, एका कामाचं हत्यारच ते काम उत्तम करतं. आपण जुगाडाचं फार कौतुक करतो बरं का! डेल्फीची सुरी घरात ठीक आहे, बोअरच्या तोंडाशी नाही. मात्र दुसरी वाटही आहे: यंत्रच असं घडवा की हत्यारं कमी लागतील. मार्क तीनमध्ये ६५ मिलिमीटरचा रुंद पाइप असतो, त्यातून दट्ट्या सळयांसकट वर येतो. वायसर बदलायला पाइप हलवावे लागत नाहीत. मार्क दोनचा पाइप ३२ मिलिमीटरचा, दट्ट्या त्यातून येणारच नाही.

हा हत्यारांचा संच हार्डवेअरच्या दुकानात शोधू नका. तो पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाकडे मागायचा. मागताना तीन गोष्टी सांगा: मार्क दोन की तीन, पाइपाचा व्यास किती, आणि किती पाइप उतरवलेत. तिसरी गोष्ट वरून दिसत नाही. म्हणून पुढच्या वेळी उपसाल तेव्हा मोजा, आणि आकडा हापशाच्या चौथऱ्यावर रंगाने लिहून ठेवा.