चोर ठाऊक असताना

मे महिना आला की आमच्या ओरोसच्या घरातल्या माणसांची संख्या अचानक वाढते. एरवी मी आणि आई अशा दोघीच. मग डोंबिवलीहून भाऊ-वहिनी येतात, त्यांची मुलं येतात, त्यांच्याबरोबर आणखी एखादा मित्र येतो. आंबे-फणसांचा कार्यक्रम चार दिवसांत उरकतो आणि पाचव्या दिवसापासून मुलं विचारू लागतात, ‘आत्या, आज संध्याकाळी काय करायचं?’

गेल्या मे महिन्यात भाच्यानं येतानाच उत्तर आणलं होतं. हातात मावेल एवढा एक छोटा प्रोजेक्टर! खळ्यातल्या भिंतीवर आईची धुतलेली पांढरी चादर ताणली, चार खुर्च्या, दोन बाकडी आणि बाकीच्यांना चटया. शेजारचे निवृत्त गुरुजी आले, बँकेतून निवृत्त झालेले कॅशियरकाका सहकुटुंब आले, खालच्या वाडीतले अण्णा काठी टेकत आले. पंधरा-सोळा माणसं सहज जमली. गावात दशावतार असला की जमतात तशी, पान-सुपारीच्या डब्यासकट.

सिनेमा भाच्यानं निवडलेला. ‘जॉनी गद्दार’, २००७ सालचा, दिग्दर्शक श्रीराम राघवन. पुण्यात वाढलेला, तिथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला हा माणूस. पुढे ‘बदलापूर’ आणि ‘अंधाधुन’ने त्याचं नाव घराघरांत गेलं, पण ‘जॉनी गद्दार’ चित्रगृहांत आला तेव्हा फारसा चालला नव्हता. खर्च बेताचा, नायक अगदी नवा. नंतर सीडी आणि टीव्हीवरून एकानं दुसऱ्याला सांगत सांगत त्याचा प्रेक्षक वाढत गेला. अशा सिनेमांचं नशीब गावातल्या वैद्यासारखं असतं. पाटी नसते, पण पत्ता सगळ्यांना ठाऊक होत जातो.

गोष्ट थोडक्यात सांगते. शेवट सांगणार नाही, काळजी नको. मुंबईत पाच भागीदार आहेत. धंदा सरळ नाही. एक मोठा व्यवहार चालून येतो आणि प्रत्येकानं पन्नास लाख काढायचे ठरतं, एकूण अडीच कोटी. ती बॅग घेऊन पाचातला एक जण रेल्वेनं बंगळूरला निघतो. आणि पाचांतलाच सर्वांत धाकटा, विक्रम, वाटेत ती बॅग लांबवायचं ठरवतो. ठरवतो एक, घडतं भलतंच. चोरी करायला गेलेल्या माणसाच्या हातून खून होतो.

आमच्या खळ्यात पहिल्या पाच मिनिटांतच मतप्रदर्शन सुरू झालं. बॅग घेऊन जाणारा भागीदार पडद्यावर आला आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली, ‘दया!’ ‘सीआयडी’ मालिकेत दरवाजे तोडणारा दयानंद शेट्टी इथे चक्क टोळीत. अण्णांना हे पटेना. ‘हो पोलीस मा रे? हेका चोरांत कित्याक घातल्यानी?’ विक्रम झालेला नील नितीन मुकेश म्हणजे गायक मुकेशचा नातू, असं वहिनीनं सांगताच आई म्हणाली, ‘चेहऱ्यावरून चोर दिसत नाय.’ आणि टोळीचा म्हातारा प्रमुख म्हणून धर्मेंद्र दिसल्यावर कॅशियरकाकांच्या पत्नीनं खुर्ची जरा पुढे ओढली.

गुरुजींचा आक्षेप मात्र गंभीर होता. ‘चोर कोण ते आधीच दाखवलं. मग राहिलं काय? रहस्यपट म्हणजे शेवटच्या पानापर्यंत खुनी कळता कामा नये.’

तेवढ्यात लाईट गेली.

नेमकी कुठे गेली तेही सांगते. खून झालेला आहे, पैसे गायब आहेत. उरलेले चौघे एकत्र बसून हे कुणी केलं असेल याचा खल करताहेत आणि ज्यानं केलं तो त्यांच्यातच बसून मान डोलावतो आहे. त्या मान डोलावण्यावरच अंधार झाला. ‘येईल पाच मिनिटांत,’ असं भाऊ म्हणाला. ओरोसला जिल्ह्याचं मुख्यालय असलं तरी मे महिन्यातली वीज कुणाचं ऐकत नाही. पुढचा सव्वा तास आम्ही अंधारात बसलो. खरा सिनेमा, मला वाटतं, त्या सव्वा तासातच झाला.

पहिल्यांदा बोलले कॅशियरकाका. त्यांना चोरीपेक्षा रकमेची चिंता. ‘२००७ साल म्हणजे हजाराच्या नोटा चालू होत्या. अडीच कोटी म्हणजे पंचवीस हजार नोटा. शंभराची एक गड्डी धरली तर अडीचशे गड्ड्या. मोठ्या बॅगेत बसतील, पण उचलणाऱ्याचा खांदा उतरेल.’ आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजलेल्या माणसाचं हे मत. चोरी नैतिक की अनैतिक हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता, ती वजनात बसते की नाही एवढंच त्यांना पाहायचं होतं.

गुरुजींनी पुन्हा आपला मुद्दा रेटला, तेव्हा अण्णांनी काठी आपटली. ‘गुरुजी, संकासुर मरतलो ह्या कोणाक ठाऊक नाय? तरी पहाटेपर्यंत बसतंव ना?’

मी त्या अंधारात चपापले. आपल्या दशावताराचा आरंभच चोरीनं होतो हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं! काळ्या वेशातला संकासुर ब्रह्मदेवाचे वेद पळवतो आणि विष्णू येऊन त्याला मारतो. एक बाकडं, एक पेटारा, पेट्रोमॅक्सची बत्ती. याहून कमी खर्चातलं चोरीचं नाट्य जगात कुठे झालं असेल? रंगमंचावर देव संस्कृतप्रचुर बोलतात आणि संकासुर आपलं मालवणी बोलतो, म्हणून पोरांना तोच आवडतो. चोर कोण हे ठाऊक, त्याचं काय होणार हेही ठाऊक. तरी तो आपला माणूस होऊन बसलेला असतो आणि विष्णू आला की पोटात थोडं हलतं.

आल्फ्रेड हिचकॉक या इंग्रज दिग्दर्शकानं हीच गोष्ट टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितली होती. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यानं १९६२ मध्ये त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, तीत ती आहे. माणसं टेबलाभोवती गप्पा मारताहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक काही क्षण दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगा, मग तीच साधी गप्पागोष्ट त्याला बसू देत नाही. हिचकॉकनं ओरोसचा दशावतार पाहिला नव्हता. अण्णांनी हिचकॉक पाहिलेला नाही. दोघांचं म्हणणं एकच.

आणि यात पैसाही लागत नाही. फ्रान्समध्ये ज्यूल दासाँनं १९५५ मध्ये बेताच्या खर्चात ‘रिफिफी’ काढला. त्यातली जवाहिऱ्याच्या दुकानातली चोरी जवळजवळ अर्धा तास चालते आणि त्या वेळात ना संवाद, ना संगीत. चोरांबरोबर आपणही श्वास रोखून बसतो. क्वेन्टिन टॅरेन्टिनोनं १९९२ च्या ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’मध्ये तर दरोडा दाखवलाच नाही. दरोड्याआधीची आणि नंतरची माणसं तेवढी दाखवली. आमच्या भाच्याच्या सिनेमातही सगळं एका रेल्वेच्या डब्यावर आणि एका बॅगेवर निभावलं आहे. राघवननं हा सिनेमा विजय आनंद आणि कादंबरीकार जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला आहे. ‘ज्वेल थीफ’ पाहून आणि रेल्वे स्टेशनवरच्या दुकानातून चेसची पुस्तकं विकत घेऊन वाढलेल्या पिढीला त्याचं कारण सांगावं लागणार नाही. १९७१ च्या ‘परवाना’चाही त्यात उल्लेख येतो. रेल्वे आणि विमानाच्या वेळांशी खेळून खून करणारा अमिताभ त्यात होता.

भावाला आठवण झाली ती मुंबईतल्या खऱ्या प्रकरणाची. १९ मार्च १९८७ रोजी ऑपेरा हाउसजवळच्या एका प्रसिद्ध जवाहिऱ्याच्या पेढीवर सीबीआयची धाड पडली. धाड घालणारी बहुतेक माणसं वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून नोकरीसाठी आलेली होती. आपण सराव म्हणून खोटी धाड घालतो आहोत असंच त्यांना सांगितलेलं होतं. दागिने घेऊन प्रमुख जो गेला तो गेलाच. त्याच्यावर बेतलेला ‘स्पेशल २६’ २०१३ मध्ये आला. ‘तो माणूस अजून सापडला नाही,’ भाऊ म्हणाला, आणि मुलं कौतुकानं ‘वॉव’ म्हणाली.

‘कौतुक कसलं?’ गुरुजी कडाडले. ‘चोर सापडत नाही तेव्हा कुणाच्या तरी घरात काय होतं ते माहीत आहे का?’

यावर कुणी बोललं नाही. मग अंधारातून आईचा आवाज आला. ‘आमच्या घरात झाला होता. माका ठाऊक आसा.’

आता हे सांगण्यासाठी मला मागे जायला हवं. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला आणि पुढे आमच्या या परिसरात एकेक कचेरी उभी राहिली. बाबा त्यांतल्याच एका कचेरीत कारकून होते. १९९३ च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांची एक भिशी सुरू केली. वीस जण, महिना पाचशे रुपये. पगाराच्या दुसऱ्या दिवशी सगळे आमच्याकडे जमायचे, चहा व्हायचा, चिठ्ठी निघायची आणि ज्याचं नाव येईल त्याला दहा हजार मिळायचे. एका महिन्यात ज्याचा नंबर लागला तो रजेवर होता. पैसे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून भिंतीतल्या कपाटात ठेवले. सकाळी डबा होता, पैसे नव्हते.

मी तेव्हा शाळेत होते. एवढंच आठवतं की बाबा दोन दिवस जेवले नाहीत आणि आईच्या हातातल्या पाटल्या त्या आठवड्यात दिसेनाशा झाल्या. दहा हजार दिले गेले, भिशी पुढे चालू राहिली. बाहेरचं कुणी तरी खिडकीतून हात घातला असेल, असं आम्हाला सांगितलं गेलं आणि आम्ही तेच धरून चाललो. बाबा गेले तेही ही गोष्ट पोटात ठेवून, असं मला वाटत होतं.

‘माका तो तेवाच दिसलो होतो,’ आई सांगत होती. ‘चायचो ट्रे घेऊन येतंय तर कपाटाचा दार लावताना. माका वाटला, पाणी बिणी बघता. सकाळी डबो उघडलो आणि समाजला.’

‘मग आजोबांना सांगितलं नाहीस?’ भाच्यानं विचारलं.

‘त्याच रात्री सांगितलंय. म्हणाले, कोणाक सांगा नको. तेची पोर आपल्या चेडवाच्या वर्गात आसा. पण तेका चाय देवची बंद करू नको. तेका कळतला.’

म्हणजे पुढचं वर्षभर तो माणूस दर महिन्याला आमच्या ओटीवर येऊन बसत होता. एकोणीस जणांना काही ठाऊक नव्हतं. आईला आणि बाबांना ठाऊक होतं. आणि त्याला? त्याला आपलं चोरपण या दोघांना ठाऊक आहे की नाही, हे ठाऊक नव्हतं. हिचकॉकचा बॉम्ब आमच्या ओटीवर वर्षभर टिकटिकत होता आणि मी त्याच ओटीवर बसून गृहपाठ करत होते. त्याची मुलगी माझ्याशेजारच्या बाकावर बसायची. आज ती कुठे आहे मला माहीत नाही. बाबांनी तिला वाचवलं हे तिला कधीच कळणार नाही.

‘पैसे परत मिळाले का?’ कॅशियरकाकांनी विचारलं. त्यांनी विचारणं साहजिकच होतं.

‘नाय. पण एक झाला. तो कधी चाय संपवून उठलो नाय. अर्धो कप ठेवन जायचो. बदली होईसर.’

सव्वा तासानं लाईट आली. भिंतीवर चौघे पुन्हा दिसू लागले, विक्रम अजून मान डोलावत होता. पण आमच्या खळ्यात कुणी पूर्वीसारखं बसलं नव्हतं. आता कुणी ‘चोर कळला मग राहिलं काय’ असं म्हणालं नाही. एक खोटं झाकायला तो दुसरं करत गेला, प्रत्येक पायरीला आता सापडतो की मग, असं होत गेलं. मुलं गप्प होती. मोठी माणसं त्याच्या हातांकडे बघत होती.

सिनेमा संपला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. शेवटावरून अर्थातच दोन तट पडले. वहिनीला प्रकाशच्या बायकोचं काम करणारी अश्विनी काळसेकर सगळ्यांत आवडली. कॅशियरकाकांना हिशेब शेवटपर्यंत जुळला नाही याची रुखरुख लागली. भाच्याच्या मते असा शेवट कुणी लिहू धजणार नाही. अण्णा म्हणाले, संकासुराचीच गजाल ती, फक्त विष्णू जरा उशिरा इलो.

गुरुजी मात्र चप्पल घालता घालता थांबले आणि मला हळूच म्हणाले, ‘मधे एकदा त्यानं सुटावं असं मला वाटलं हो. स्वतःचाच राग आला.’ सबंध रात्रीत मला हे मत सर्वांत प्रामाणिक वाटलं. चोर कोण, हे शोधण्यात आपण स्वतः सुरक्षित असतो. चोर ठाऊक असला की मग आपण कुठे उभे आहोत हे बघावं लागतं. त्याला पकडून द्यावं, सुटू द्यावं, की समोर बसवून चहा द्यावा? बाबांनी दिलेलं उत्तर बरोबर होतं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाटल्या आईच्या होत्या, हे विसरून ते ठरवता येणार नाही.

आईला शेवटाच्या थोडं आधी झोप लागली होती. सकाळी चहा घेताना मी तिला विचारलं, ‘शेवट सांगू का?’

‘नको,’ ती म्हणाली. ‘माका तो सापडलेलो बघूचो नव्हतो. चार माणसांत बसलेलो बघूचो होतो. तो बघलंय.’

आणि तिनं आपला कप पूर्ण रिकामा करून खाली ठेवला.