हृदयाच्या ताणचाचणीतील इंजेक्शन : घर सोडण्यापूर्वी काय माहीत असावे?

छातीत दुखते, चढण चढताना धाप लागते, डावा हात जड होतो, अशी तक्रार घेऊन रुग्ण डॉक्टरांकडे गेला की ईसीजी, टूडी इको आणि गरज भासल्यास ‘स्ट्रेस टेस्ट’ हा क्रम आता बहुतेकांच्या परिचयाचा झाला आहे. स्ट्रेस टेस्ट म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो फिरता पट्टा आणि त्यावर चालणारा, घामाघूम झालेला रुग्ण. मात्र ज्यांना चालणेच शक्य नाही, त्यांच्या हृदयावर हाच ताण शिरेतून दिलेल्या औषधाने आणला जातो. या औषधाविषयी रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना फारच थोडी माहिती असते. वास्तविक ही चाचणी सुरक्षित पार पडणे हे जितके डॉक्टरांच्या हाती असते, तितकेच रुग्ण आपल्याबरोबर कोणती माहिती घेऊन येतो यावरही अवलंबून असते.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू व तलासरी या तालुक्यांचा विचार केला तर या माहितीचे मोल अधिक ठळकपणे ध्यानात येते. डहाणू रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. २०१३ साली उपनगरी गाड्या तेथपर्यंत धावू लागल्या, तरी मुंबईतील मोठ्या रुग्णालयात सकाळची वेळ मिळाली असेल तर रुग्णाला पहाटेच घर सोडावे लागते. महामार्गावरील तलासरीच्या रुग्णाला मुंबईपेक्षा वापी, वलसाड किंवा सिल्वासा जवळचे. पाड्यावरून निघणाऱ्याला त्याआधी मुख्य रस्ता गाठावा लागतो, तो प्रवास वेगळाच. एवढे करून पोहोचलेल्या रुग्णाला ‘सकाळी चहा घेतलात का?’ असे विचारले जाते आणि होकारार्थी उत्तर मिळताच चाचणी पुढे ढकलली जाते. शहरातील माणसाची त्यात एक सकाळ जाते. डहाणू-तलासरीच्या माणसाची दोन दिवसांची मजुरी आणि सोबत आलेल्याचाही रोज बुडतो. हा प्रश्न विचारायचाच राहून गेला तर होणारे नुकसान त्याहून मोठे असते. त्याचे कारण समजण्यासाठी औषधाचे कार्य पाहावे लागेल.

औषध नेमके काय करते?

या चाचणीत वापरली जाणारी औषधे दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधांचा. अ‍ॅडिनोसिन, डायपायरिडॅमोल आणि रेगाडेनोसॉन ही त्यातील प्रमुख नावे. अ‍ॅडिनोसिन हा आपल्या शरीरातही तयार होणारा पदार्थ आहे. तो शिरेतून दिला की निरोगी रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतील रक्तप्रवाह कित्येक पटींनी वाढतो. चरबीच्या थराने अरुंद झालेल्या वाहिनीला मात्र तितके रुंदावता येत नाही. त्याच वेळी किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा टोचून गॅमा कॅमेऱ्याने प्रतिमा घेतल्या की, जेथे रक्त कमी पोहोचले तो भाग फिका दिसतो. लोकांच्या तोंडी या तपासणीचे ‘थॅलियम टेस्ट’ हे नाव रूढ झाले असले, तरी आता त्यासाठी बहुधा टेक्नेशियम वापरले जाते.

दुसऱ्या प्रकारात डोब्युटामिन येते. ते हृदयाची गती आणि आकुंचनाचा जोर वाढवते, म्हणजे धावल्यावर जे घडते जवळपास तेच झोपलेल्या अवस्थेत घडवून आणते. त्याची मात्रा दर तीन मिनिटांनी टप्प्याटप्प्याने वाढवीत नेतात आणि सोनोग्राफीच्या तंत्राने हृदयाच्या भिंतींची हालचाल पाहिली जाते.

गुडघ्यांची झीज, पक्षाघात, पायांतील रक्तवाहिन्यांचा विकार किंवा अपघाताने आलेले अपंगत्व यांमुळे पट्ट्यावर पुरेसे चालू न शकणाऱ्यांना ही चाचणी सुचविली जाते. ईसीजीत काही विशिष्ट दोष असतील तर चालू शकणाऱ्यालाही तिची गरज पडते.

मात्रेच्या बाबतीत एक गोष्ट जाणून घ्यावी. अ‍ॅडिनोसिन दर किलो वजनामागे दर मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम या हिशेबाने, साधारणतः चार ते सहा मिनिटे, पंपाद्वारे संथपणे दिले जाते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सहा मिनिटांत सुमारे ५० मिलिग्रॅम औषध मिळते. म्हणून ‘असेल पन्नास-साठ’ असा अंदाज न सांगता त्याच दिवशी काट्यावर वजन करून घेण्याचा आग्रह धरावा. रेगाडेनोसॉनची मात्रा मात्र सर्व प्रौढांना सारखीच, ०.४ मिलिग्रॅम असते आणि ती सुमारे दहा सेकंदांत दिली जाते.

चहा आणि उतारा

आता चहाकडे वळू. चहा-कॉफीतील कॅफिन आणि दम्याच्या काही गोळ्यांतील थिओफायलिन ही एकाच रासायनिक कुळातील द्रव्ये. अ‍ॅडिनोसिन पेशींवरील ज्या ग्राहींना चिकटून काम करते, त्या जागा ही द्रव्ये आधीच अडवून बसतात. परिणामी औषध शरीरात जाऊनही रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, निरोगी व अरुंद वाहिन्यांतील फरक उघड होत नाही आणि अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. रुग्ण निर्धास्त होऊन घरी परततो आणि आजार तसाच राहतो. चहाचा प्रश्न महत्त्वाचा आहे तो यासाठी.

गंमत अशी की, या चाचणीत त्रास वाढल्यास जो उतारा दिला जातो, ते अ‍ॅमिनोफायलिन याच कुळातले. अ‍ॅडिनोसिनचा किंवा रेगाडेनोसॉनचा परिणाम ते मागे फिरविते. म्हणजे चाचणीपूर्वी जे टाळायचे, तेच चाचणीनंतर कामी येते. चाचणी संपल्यावर डोके दुखत असेल तर काही ठिकाणी रुग्णाला कॉफी किंवा चहा देतात, त्याचे कारणही हेच. डोब्युटामिनचा उतारा मात्र वेगळा, तो बीटा-ब्लॉकर गटातील औषधांचा.

कॅफिन किमान १२ तास टाळावे असा सर्वसाधारण संकेत आहे. अनेक केंद्रे २४ तासांची मर्यादा घालतात. केंद्र जेवढे सांगेल तेवढे पाळावे. सकाळी दहाची वेळ असेल तर पहाटे स्थानकावर घेतलेला चहा तर चालत नाहीच, पण आदल्या रात्री उशिरा घेतलेलाही चालत नाही. कोरा चहा, दुधाचा चहा, कॉफी, कोला, चॉकलेट हे सारे त्यात आले. डहाणूकडे चहात गवती चहाची पात घालण्याची रीत आहे. नुसत्या पातीच्या काढ्यात कॅफिन नसते. चहापत्ती पडली की असते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दम्याच्या रुग्णांची बाब अधिक नाजूक आहे. आपल्याकडे डेरिफायलिनची गोळी गावोगावी सर्रास घेतली जाते आणि तिच्यात थिओफायलिन असते. ती घेतली असेल तर चाचणी फसू शकते आणि स्वतःच्या मनाने बंद केली तर दमा उसळू शकतो. त्यातच अ‍ॅडिनोसिनमुळे श्वासनलिका आकुंचन पावण्याचा धोका असल्याने दमा असलेल्यांना ते देत नाहीत. रेगाडेनोसॉन वापरतानाही सावधगिरी लागते. अशा वेळी डॉक्टर डोब्युटामिनचा पर्याय निवडू शकतात. वीटभट्टीच्या धुरात किंवा चुलीपुढे आयुष्य गेलेल्यांना, वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्यांना दम लागतो तो फुप्फुसांमुळे की हृदयामुळे, हे आधी ठरावे लागते. त्यामुळे ‘थोडासा दमा आहे’ हे वाक्य गिळून टाकू नये.

कोणता त्रास नेहमीचा, कोणता गंभीर?

औषध सुरू होताच चेहरा तापणे, छातीत दाटल्यासारखे होणे, श्वास अपुरा वाटणे, डोके दुखणे, चक्कर वा मळमळ येणे हे परिणाम अगदी नेहमीचे आहेत. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या नोंदीत अ‍ॅडिनोसिन दिलेल्या ९,२५६ रुग्णांपैकी सुमारे ८१ टक्के रुग्णांना असा काही ना काही त्रास झाला होता. त्याच नोंदीत मृत्यू एकही नव्हता आणि हृदयविकाराचा झटका एकालाच आला होता. अ‍ॅडिनोसिन रक्तात दहा सेकंदांहूनही कमी काळात निम्मे होते, त्यामुळे पंप थांबवताच त्रास बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो. रेगाडेनोसॉनचा परिणाम थोडा अधिक रेंगाळतो. बहुतेक लक्षणे पंधरा मिनिटांत जातात, डोकेदुखीला अर्धा तास लागू शकतो. हे आधी ठाऊक असले की रुग्ण घाबरत नाही. तथापि होणारा त्रास सोसत गप्प बसणेही बरोबर नाही. जे वाटेल ते तत्क्षणी सांगावे.

गंभीर परिणाम विरळ असले तरी ते होतात. हृदयाचे ठोके अडखळणे, रक्तदाब एकाएकी उतरणे, दम्याचा झटका, फिट येणे, पक्षाघात आणि क्वचित हृदयविकाराचा झटका हे त्यांपैकी काही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रेगाडेनोसॉनला २००८ साली मान्यता दिली होती. २० नोव्हेंबर २०१३ रोजी याच प्रशासनाने रेगाडेनोसॉन आणि अ‍ॅडिनोसिन या दोन्ही औषधांबाबत इशारा प्रसिद्ध केला. रेगाडेनोसॉननंतर हृदयविकाराच्या झटक्याच्या २६ आणि मृत्यूच्या २९ घटना तोवर त्यांच्या नोंदीत आल्या होत्या. अशा प्रत्येक घटनेस औषधच कारणीभूत होते असे यातून सिद्ध होत नाही. मात्र त्यातून एक स्पष्ट सूचना निघाली. ज्यांची छातीदुखी अस्थिर आहे, म्हणजे बसल्या जागी दुखते, वरचेवर वाढत चालली आहे किंवा ज्यांचे हृदय आधीच डळमळीत अवस्थेत आहे, त्यांना ही औषधे देऊ नयेत. निरोगी वाहिन्या रुंदावल्या की रक्त तिकडे वळते आणि अरुंद वाहिनीच्या वाट्याचे आणखी कमी होते, हे त्यामागील कारण.

लांबून येणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने ही सूचना फार मोलाची आहे. चाचणीची तारीख पंधरा दिवसांपूर्वी मिळालेली असते आणि आदल्या रात्री छातीत दुखू लागते. ‘उद्या मोठ्या रुग्णालयात जायचेच आहे’ म्हणून घरचे रात्र काढतात. हे करू नये. विश्रांती घेऊनही न थांबणारी छातीदुखी ही तातडीची बाब आहे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व सर्वांत जवळचे रुग्णालय गाठावे. चाचणीच्या आदल्या काही दिवसांत असे दुखून गेले असेल, तर ते टोचण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे.

चिठ्ठीत काय लिहावे?

कृत्रिम पेसमेकर बसविलेला नसताना हृदयातील विद्युत्संदेश अडण्याचा विकार असेल तर अ‍ॅडिनोसिन व रेगाडेनोसॉन दिले जात नाही. पूर्वी फिट येत असल्यास रेगाडेनोसॉनबाबत विशेष काळजी घ्यावी लागते, कारण त्यामुळे आलेल्या फिटवर अ‍ॅमिनोफायलिन हा नेहमीचा उतारा वापरता येत नाही. तीव्र रक्तक्षय हृदयावर आधीच भार टाकतो. या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांनी तो आजार आवर्जून सांगावा. मधुमेहींनी उपाशीपोटी इन्सुलिन वा गोळी घ्यावी की नाही, हे आधीच विचारून ठेवावे. रक्तदाबाची, हृदयाची कोणतीही गोळी सांगितल्याखेरीज थांबवू नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने तसे सांगणे किरणोत्सारी द्रव्यामुळे आवश्यक ठरते.

एवढे सारे तोंडी सांगणे आयत्या वेळी जमत नाही. वारली, दवरी किंवा गुजराती बोलणाऱ्या वृद्धाला महानगरातील घाईच्या खोलीत हिंदी-इंग्रजीत प्रश्न विचारले की तो बहुधा मान डोलावतो. म्हणून घरीच एक चिठ्ठी तयार करावी : कोणते आजार आहेत, कोणती औषधे चालू आहेत आणि शेवटची केव्हा घेतली, शेवटचा चहा किती वाजता घेतला, छातीत शेवटचे केव्हा दुखले, कधी शुद्ध हरपली होती का, फिट आली होती का. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या बरोबर ठेवाव्यात. वेळ ठरवून देणारा मुंबईतील नातेवाईक फोनवर विचारून हे काम सहज करू शकतो.

संमतीपत्रावर अंगठा उठविण्यापूर्वी त्यातील मजकूर समजेल अशा भाषेत सांगितला जाणे हा रुग्णाचा हक्क आहे. पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट केले आहे. कोणते औषध देणार, ते का निवडले, त्रास झाल्यास उतारा जवळ आहे का आणि देताना डॉक्टर हजर असतील का, हे चार प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

चाचणी आटोपल्यावर लगेच परतीची गाडी धरू नये. चक्कर, धडधड नाही याची खात्री होईपर्यंत केंद्रातच थांबावे. टेक्नेशियमची मात्रा दर सहा तासांनी निम्मी होत जाते. भरपूर पाणी प्यावे आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून किती वेळ अंतर ठेवायचे ते विचारून घ्यावे, विशेषतः गर्दीच्या गाडीतून घरी जायचे असेल तेव्हा. घरी गेल्यावर काही विपरीत परिणाम जाणवला तर आधी डॉक्टरांना कळवावे. त्याची नोंद रुग्णालाही करता येते. गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालणाऱ्या औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. एरवी दूरच्या तालुक्यात परतलेल्या रुग्णाचा त्रास मोठ्या शहरातील केंद्राच्या कानावर कधी जातच नाही. तो नोंदला गेला, तर पुढच्या रुग्णाला औषध देताना त्याचा उपयोग होऊ शकतो.