धारेचे पाणी

धारदार सुरीपेक्षा बोथट सुरी अधिक धोक्याची, हे वाचून काही भगिनींना नवल वाटेल. धारेचे पाते हलक्या दाबाने भाजीत उतरते. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो. मग ते सालीवरून निसटते आणि बोटावर येते. वयामुळे मनगटाची शक्ती कमी झालेल्या आजींना तर हा जोर सोसवतही नाही.

अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासात नोंदले गेले ते तलवारी म्यान झाल्या म्हणून. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात येथे तह झाला. त्या काळी शस्त्रांना धार आणि झिलई देणे हा शिकलगारांचा व्यवसाय होता. पुढे शस्त्रांचे दिवस सरले आणि त्यांची साण सुरी, कात्री, विळी यांच्याकडे वळली. परंतु सायकलवर साण बसवून हाळी देणारा कारागीर हवा त्या दिवशी दारी येईलच असे नाही. म्हणूनच विजेवर चालणारी, पाण्यात फिरणारी छोटी साण आता घरात ठेवण्यासारखी वस्तू ठरते.

तापलेले पाते पाण्यात विझवून लोहार त्याला कठीणपणा आणतो. यालाच आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. कोरड्या साणेचे चाक मिनिटाला जवळजवळ तीन हजार फेरे घेते. ठिणग्या उडतात, पातळ कड तापते आणि साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे पोलाद मऊ पडू लागते. कड निळसर झाली की तिचे पाणी उतरले असे समजावे. अशी धार चार दिवसही टिकत नाही. ओल्या साणेचे चाक मात्र मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरेच घेते आणि खालच्या टाक्यातील पाणी धार थंड ठेवते. स्वीडनमधील टॉर्मेक कंपनीने १९७३ पासून अशी यंत्रे प्रचारात आणली. त्याच धर्तीची साधी यंत्रे आज पुष्कळ कमी किमतीत मिळतात.

दगड आधी पुरेसे पाणी पिऊ द्यावा. पाते दगडाशी पंधरा ते वीस अंशांच्या कोनात धरावे. कोन साधला की नाही हे पाहण्यासाठी धारेलगत मार्कर पेनची रेघ ओढावी. दगड ती जेथे पुसतो, तेथेच तो घासत असतो. दाब हलका असावा आणि पाते मुठीपासून टोकापर्यंत एकसारखे सरकवावे. थोड्या वेळाने उलट बाजूस पोलादाची सूक्ष्म कड वळून येते. ती बोटाला खरखरीत लागली की बाजू बदलावी.

ही कड काढण्यासाठी यंत्रासोबत बहुधा चामड्याचे चाक येते. आपल्या घरांत चामडे वर्ज्य असेल, तर लाकडी फळीवर जीन्सचे जाड कापड ताणून बसवावे आणि धार मागे ठेवून पाते त्यावरून ओढावे. वर्तमानपत्राचा कागद न अडखळता कापला गेला, की धार लागली असे समजावे.

स्वस्त यंत्राचे चाक कधी किंचित डुगडुगते आणि कोन धरणारा आधारही लवचिक असतो. त्यामुळे हाताला थोडी सवय करावी लागते. पाणी आणि वीज जवळजवळ असल्याने अर्थिंगची तीन पिनांची जोडणी आवश्यक आहे. पदर खोचावा, केस बांधावेत, मुलांना दूर ठेवावे. काम संपताच टाके रिकामे करावे. दगड अर्धवट पाण्यात राहिला तर एका बाजूने मऊ पडतो.

दातेरी सुरी या यंत्रावर धरू नये आणि कात्रीची आतील सपाट बाजू कधीही घासू नये. पाटाला जखडलेली विळी या यंत्रावर नीट बसत नाही. ती शिकलगारासाठीच राखून ठेवावी. त्याची हाळी ऐकू आली, की तेवढे काम अगत्याने त्याच्या हाती द्यावे. घरच्या यंत्राने रोजची सुरी सांभाळली जाईल आणि पिढ्यानपिढ्यांची विद्या जपणाऱ्या हातांनाही काम उरेल.